छोटं, देखणं कॅबिनेट: निवडीपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत

घरी पीसी जोडायचा ठरला की बहुतेकांची खरेदी कॅबिनेटच्या फोटोपासून सुरू होते. अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, ॲल्युमिनियमचे कोरे पत्रे, टीव्हीशेजारी शोभेल असा डबा. मोठ्या टॉवरच्या बाबतीत हे चालून जातं, कारण त्यात काहीही मावतं. २० लिटर आकारमानाच्या आसपास किंवा त्याखाली गेलात की ग्राफिक्स कार्ड किती लांब, प्रोसेसरवरचा कूलर किती उंच, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) कोणत्या मापाचा आणि मे महिन्यात आवाज किती, हे सगळं कॅबिनेटच ठरवतं. म्हणून इथे क्रम उलटा आहे: आधी जागा, मग आतला माल, सगळ्यात शेवटी रूप. पहिल्या दोन चाळण्यांतून जी चार-पाच कॅबिनेटं उरतील, त्यांतलं मनाला येईल ते बिनधास्त उचलता येतं.

जागा मोजणं

टेबल असो की टीव्ही युनिट, पीसी जिथे बसणार तिथली लांबी, रुंदी, उंची टेपने घ्या. मागे केबलसाठी किमान ७ ते ८ सेंमी सोडा. एचडीएमआयचं टोक आणि त्यापुढचं केबलचं वळण एवढी जागा खातंच, आणि पॉवर केबलचा प्लग त्याहून जाड असतो. ज्या बाजूला जाळी आहे तिथे भिंत किंवा पुस्तकं येणार असतील तर आणखी ५ सेंमी धरा. दार लागणारा कप्पा असेल तर तो विचार सोडून द्या. दार बंद करून गेम खेळला की कप्प्यातली तीच गरम हवा पीसी पुन्हा पुन्हा ओढत राहतो, आणि मग महागातला महाग कूलरही उपयोगाचा नाही.

कंपनी देते तो लिटरचा आकडा तुलनेपुरता ठीक आहे, जागेसाठी नाही. कूलर मास्टरच्या एनआर२०० चं उदाहरण घ्या. कंपनीच्या हिशेबाने ते १८.२५ लिटरचं आहे. पाय आणि बाहेर आलेले भाग धरून त्याची मापं ३७६ × १८५ × २९२ मिमी आहेत, म्हणजे गुणाकार करून २०.३ लिटर. दोन लिटर कुठून आले? कंपनीने पाय आणि मागचे-पुढचे उंचवटे मोजलेच नाहीत. दुसरी कंपनी ते मोजतेही. शिवाय १५ लिटरचं एखादं कॅबिनेट उभं आणि अरुंद असतं, दुसरं बसकं आणि रुंद. टेबलावरचा पसारा दोघांचा अगदी वेगळा. त्यामुळे लिटर बघून यादी करा आणि मिलिमीटर बघून निर्णय घ्या.

एक सोपा उपाय: पुठ्ठ्याचं खोकं कापून नेमक्या मापाचा डबा करा आणि ठरलेल्या जागी दोन दिवस ठेवा. खुर्चीचा हात आपटतो का, कीबोर्ड मागे सरकतो का, टीव्हीचा रिमोट सेन्सर झाकला जातो का, हे फोटोत कळत नाही.

आयटीएक्स की मायक्रो-एटीएक्स

ही मदरबोर्डाची, म्हणजे बाकी सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाची, दोन मापं. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मिमीचा असतो. हे माप व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणलं. त्यात विस्तारासाठी एकच स्लॉट, आणि नेहमीच्या डेस्कटॉप बोर्डांवर रॅमच्या दोनच जागा. मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमीपर्यंत जातो, स्लॉट चारपर्यंत आणि रॅमच्या जागा बहुधा चार.

आयटीएक्सचा खर्च कॅबिनेटवर थांबत नाही. त्याच चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) आयटीएक्स बोर्ड मायक्रो-एटीएक्सपेक्षा महाग असतो, भारतात त्याचे पर्यायही मोजके मिळतात. त्यासोबत बहुधा एसएफएक्स या लहान मापाचा एसएमपीएस लागतो, तोही नेहमीच्यापेक्षा महाग. म्हणजे डबा लहान होताना बिल मोठं होतं. टेबलावर थोडी जागा असेल तर २५ ते ३३ लिटरचं मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट हाच शहाणपणाचा सौदा. आयटीएक्स घ्यायचं ते दोन कारणांसाठी: जागा खरोखर नाही, किंवा तो छोटा डबाच हवा आहे. दुसरं कारणही पूर्णपणे वैध आहे, फक्त त्याची किंमत माहीत असावी.

आतला माल कागदावर उतरवणं

कॅबिनेटचं नाव घेण्याआधी वहीत चार ओळी लिहा: ग्राफिक्स कार्डाची लांबी, उंची आणि जाडी, कूलरची उंची, एसएमपीएसचं माप, रॅमची उंची. हे आकडे दुकानाच्या पानावरून नको, उत्पादकाच्या पानावरून घ्या. दुकानवाले बऱ्याचदा एकाच मालिकेतल्या दोन कार्डांना एकच माप चिकटवतात.

चुका सगळ्यात जास्त कार्डातच होतात. दोन फॅनचं कार्ड साधारण २०० ते २५० मिमी लांब असतं, तीन फॅनचं ३०० ते ३४०. लांबी सगळे बघतात. उंची, म्हणजे स्लॉटच्या बाजूपासून वरच्या कडेपर्यंतचं माप, फारसं कोणी बघत नाही, आणि छोट्या कॅबिनेटात पॅनेल अडतं ते तिथेच. शिवाय पॉवर केबल बऱ्याच कार्डांत वरच्या कडेतूनच बाहेर येते. कार्ड १३० मिमीचं असेल आणि कॅबिनेट १४० मिमी सांगत असेल, तर उरलेल्या १० मिमीत केबल वळत नाही. १६ पिनांचा नवा कनेक्टर असेल तर जास्तच जपा: टोकापासून पहिले ३५ मिमी केबल सरळ राहायला हवी, त्याआधी कडक वाकवू नये. पॅनेलने दाबलेला कनेक्टर हळूहळू एका बाजूने सैल होतो, पिनांचा स्पर्श अर्धवट राहतो आणि तिथेच तापतो. जळालेल्या कनेक्टरांचे फोटो आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्लग पूर्ण बसलेलाच नव्हता.

जाडी स्लॉटमध्ये सांगतात. एक स्लॉट २०.३२ मिमी, म्हणजे दोन स्लॉट सुमारे ४० आणि तीन स्लॉट सुमारे ६१ मिमी. ‘अडीच स्लॉट’ लिहिलेलं कार्ड म्हणजे ५० मिमी. एनव्हिडियाने २०२४ मध्ये छोट्या कॅबिनेटांसाठी ‘एसएफएफ-रेडी’ नावाची मर्यादा ठरवून दिली: लांबी ३०४ मिमी, उंची केबलच्या वळणासकट १५१ मिमी, जाडी ५० मिमी. कार्ड आणि कॅबिनेट दोन्हीवर हा शिक्का असेल तर हिशेबाचं निम्मं काम वाचतं.

एसएमपीएसची तीन मापं लक्षात ठेवा. नेहमीचा एटीएक्स १५० × ८६ मिमी आणि लांबी १४० पासून पुढे. एसएफएक्स १२५ × ६३.५ × १०० मिमी. एसएफएक्स-एल तोच, पण १३० मिमी लांब. त्यात १२० मिमीचा फॅन बसतो, त्यामुळे आवाज जरा खाली राहतो. ते ३० मिमी मात्र केबलच्या जागेतून जातात. ‘एसएफएक्स-एल चालतो’ असं लिहिलेल्या कॅबिनेटातही तो बसवल्यावर केबल कोंबावी लागते. १५ लिटरच्या आत साधा एसएफएक्सच बरा. ६५ वॅट वर्गाचा प्रोसेसर आणि २५० वॅटपर्यंतचं कार्ड असेल तर ६५० वॅटचा चांगला एसएफएक्स पुरतो. पूर्ण मॉड्युलरच, म्हणजे सगळ्या केबल सुट्या होणारा, घ्या. नको असलेल्या केबल लपवायला छोट्या डब्यात कोपराच नसतो.

कूलरची उंची आणि आतली मांडणी

छोट्या कॅबिनेटांच्या दोन जाती आहेत. एकात बोर्ड आणि कार्ड नेहमीसारखे काटकोनात बसतात, कार्ड थेट बोर्डात. एनआर२०० या जातीचं. दुसऱ्यात बोर्ड आणि कार्ड एकमेकांना पाठ लावून, मध्ये एक पत्रा आणि जोडणीला रायझर केबल. याला सँडविच मांडणी म्हणतात. फ्रॅक्टल डिझाइनचं टेरा, लियान ली आणि डॅन यांनी मिळून काढलेलं ए४-एच२ओ, ही या जातीची नावं. सँडविचचा फायदा असा की कार्डाचे फॅन थेट बाजूच्या जाळीतून ताजी हवा ओढतात. तोटा असा की कूलरला उंची उरत नाही.

टेराचा हिशेब नीट बघण्यासारखा आहे, कारण त्यातून अख्खी जातच समजते. ते १०.४ लिटरचं आहे, कार्ड ३२२ मिमीपर्यंत घेतं, आणि त्याचा मधला पत्रा सात जागी सरकवता येतो. एका टोकाला कूलरला ७७ मिमी मिळतात आणि कार्डाला जाडीत ४३ मिमी. दुसऱ्या टोकाला कार्डाला ७२ आणि कूलरला ४८. दोन्हीकडे बेरीज १२० च. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना साधारण ५ मिमी इकडचे तिकडे होतात. आता ५० मिमी जाडीचं कार्ड घेतलं तर कागदावर कूलरला ७० मिमी उरतात, पण पत्रा नेमक्या जागेवर थांबेलच असं नाही, म्हणून ६५ धरून चाला. नॉक्टुआचा ६५ मिमीचा एनएच-एल९एक्स६५ अगदी काठावर बसेल, थर्मलराइटचा ४७ मिमीचा एएक्सपी९०-एक्स४७ आरामात. तीन स्लॉटचं कार्ड घेतलं तर ४७ किंवा ५३ मिमीच्या वर जाऊच नका.

कूलरचा फॅन बाजूच्या जाळीपासून १ ते ३ मिमीवर आला तर सोसाट्यासारखा आवाज येतो. फॅन ओढतो ती हवा जाळीच्या भोकांवर फाटते. अंतर ५ ते १० मिमी ठेवा, किंवा फॅन आणि जाळी यांच्यामध्ये मऊ फोमची चौकट लावा. चौकटीमुळे कूलरला फक्त बाहेरचीच हवा मिळते आणि तापमानातही फरक पडतो.

रॅम विसरू नका. रंगीत दिव्यांची रॅम ४० मिमीच्या वर जाते. साध्या पट्ट्या ३१ ते ३५ मिमीच्या असतात. बसका, रुंद कूलर रॅमवर पसरतो, त्यामुळे छोट्या बांधणीत साधी रॅमच घ्या. काच नसेल तर दिवे दिसणारही नाहीत.

काटकोनी मांडणीत कूलरच्या उंचीची एवढी ओढाताण नसते. एनआर२०० मध्ये १५५ मिमीचा कूलर आणि ३३० मिमीचं कार्ड बसतं. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई नेमका १५५ मिमीचा आहे, म्हणजे मावतो, पण फॅन हीटसिंकवर (कूलरच्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यावर) २-३ मिमी वर सरकवून लावलात की पॅनेल बंद होणार नाही.

चार नावं, चार गरजा

बाजारात शेकडो कॅबिनेटं आहेत. पहिल्यांदाच छोटा पीसी जोडणाऱ्याने या चारांशी तुलना करून बाकीची जोखावी.

एसुसचं एपी२०१: ३३ लिटर, मायक्रो-एटीएक्स, चारी बाजूंनी जाळी, १७० मिमीचा कूलर, ३३८ मिमीचं कार्ड आणि १८० मिमीपर्यंतचा साधा एटीएक्स एसएमपीएस. छोटं म्हणायला जरा मोठं, पण यात चुकायला जागाच नाही. पांढरा रंगही मिळतो.

लियान ली आणि डॅनचं ए३-एमएटीएक्स: २६.३ लिटर, १६५ मिमीचा कूलर, पाण्याच्या कूलिंगचा ३६० मिमीचा रेडिएटरही बसतो. पुढे लाकूड असलेली आवृत्ती आहे. पैसे, रूप आणि हवा या तिघांचा मेळ बघितला तर आमची पहिली पसंती हीच.

कूलर मास्टर एनआर२००: आयटीएक्समध्ये पहिलं पाऊल टाकणाऱ्याला यापेक्षा सोपं क्वचितच काही मिळेल. पत्रा साधा आहे, रूपही साधंच. ‘पी’ आवृत्तीत काचेचं आणि जाळीचं अशी दोन्ही पॅनेलं येतात. काच खोक्यातच ठेवा.

फ्रॅक्टल टेरा: चौघांत सर्वांत देखणं आणि सर्वांत हट्टी. ६५ वॅट वर्गाचा प्रोसेसर आणि १८० ते २०० वॅटचं कार्ड, एवढ्यात ते सुखात राहतं.

ए४-एच२ओ मुद्दाम यादीबाहेर ठेवलं आहे. ११ लिटरमध्ये २४० मिमीचं पाण्याचं कूलिंग बसवणं हे त्याचं वैशिष्ट्य, आणि तेच पहिल्या बांधणीला जड जातं. रेडिएटर २७ मिमी आणि फॅन २५ मिमी मिळून ५२ मिमीचा थर, त्याखालून दोन नळ्या वळवायच्या, आणि नळी जरा कडक निघाली की एसएमपीएसच्या केबलशी झुंज. दुसऱ्या बांधणीसाठी ठेवा.

आपल्याकडचा उन्हाळा

कॅबिनेटच्या चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि पंख्याखालची खोलीही ३५ च्या वर जाते. आतल्या भागांचं तापमान खोलीच्या तापमानाबरोबर जवळपास अंशाला अंश वाढतं. परीक्षणात कार्ड ७२ अंशांवर दिसलं तर आपल्याकडे ते ८२ ते ८५ धरा. परीक्षणातच ८३ दाखवत असेल तर ते कॅबिनेट एसी नसलेल्या खोलीसाठी नाही.

उष्णता कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वॅट कमी करणं. रायझन ५ ७६०० कागदावर ६५ वॅटचा आहे, पण प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढतो आणि ४७ मिमीच्या कूलरखाली ९५ अंशांच्या मर्यादेला टेकू शकतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीपीटीची, म्हणजे प्रोसेसरने ओढायच्या विजेची, मर्यादा ६५ वॅटवर बांधली की गेममध्ये फरक जाणवतही नाही, आवाज मात्र लगेच उतरतो. कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली तर वेग थोडाच घटतो, उष्णता भरपूर घटते. मोठ्या पीसीत ही हौस म्हणायची. दहा लिटरच्या डब्यात ती जोडणीचाच एक भाग आहे.

कोकण-गोव्यात प्रश्न दमटपणाचा. पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालला की आत ओल धरत नाही. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेच्या घरात धूळ मुख्य शत्रू. गाळणी चुंबकाची आणि बाहेरून निघणारी असावी. स्क्रू काढून धुवावी लागणारी गाळणी कोणीही धूत नाही. आणि मागच्या स्लॉटच्या रिकाम्या पट्ट्या कधीही उघड्या सोडू नका. ऊब बघून झुरळं आणि पाली आत शिरतात, आणि एसएमपीएसमध्ये गेलेली पाल स्वतःबरोबर एसएमपीएसही घेऊन जाते.

आता रूप

लाकूड खरं आहे की फिल्म, हे कडा बघून ओळखा. खऱ्या लाकडाच्या रेषा कडेवर वळून पुढे जातात, फिल्म कडेवर संपते. खऱ्या लाकडाला ओलं फडकं लावू नका, कोरडं पुरतं.

कापडाचा दर्शनी भाग दिवाणखान्यात सुंदर दिसतो, पण तो स्वतःच गाळणी होतो. महिन्यातून एकदा व्हॅक्यूम फिरवावा लागतो, नाहीतर हवा अडते. काच हवेची शत्रूच. कार्डाचे फॅन काचेकडे तोंड करून असतील आणि मध्ये २० मिमीपेक्षा कमी अंतर असेल तर ते कॅबिनेट कितीही देखणं असो, सोडा. पांढऱ्या कॅबिनेटात प्लॅस्टिकचे भाग उन्हात पिवळे पडतात, पत्रा पडत नाही. खिडकीजवळ ठेवणार असाल तर पुढचा भाग धातूचा बघा. पांढऱ्याबरोबर कार्ड, केबल, फॅन सगळं पांढरं घ्यायची इच्छा होते आणि प्रत्येक पांढऱ्या वस्तूला जास्तीचे पैसे पडतात.

ॲल्युमिनियमच्या किंवा पत्र्याच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा कॅबिनेटचा नसतो. एसएमपीएसच्या आत विजेची खरखर गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी थोडा प्रवाह बॉडीकडे येतो आणि तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्याला तारच नसते. टेबलावर हाताशी ठेवलेल्या धातूच्या डब्यात हे लगेच जाणवतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, दोन पिनांचा अडॅप्टर लावून चालवू नका.

पैसे देण्याआधी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही कॅबिनेटं प्रत्यक्ष बघायला मिळू शकतात, पण आयटीएक्सचा माल बऱ्याच दुकानांत मागवूनच मिळतो, म्हणून फोन करून जा. विचारायच्या गोष्टी: फॅन सोबत येतात का आणि किती, रायझर कोणत्या पिढीची, वॉरंटी भारतातली की बाहेरून आणलेला माल, जीएसटीचं पक्कं बिल मिळेल का. पुढच्या टाइप-सी पोर्टसाठी बोर्डावर वेगळा हेडर (केबल लावायची जागा) लागतो, तो तुमच्या बोर्डावर आहे का हेही बघा. नसेल तर ते पोर्ट शोभेपुरतंच राहतं.

रायझरबद्दल थोडं जास्त. पिढी म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या पीसीआयई जोडणीची आवृत्ती. कार्ड चौथ्या पिढीचं आणि रायझर तिसऱ्या पिढीची असेल तर स्क्रीन काळी राहणं, मध्येच बंद पडणं असे प्रकार होतात. बायोसमध्ये स्लॉटचा वेग हाताने तिसऱ्या पिढीवर आणला की थांबतात. पाचव्या पिढीचं कार्ड आणि चौथ्या पिढीची रायझर असेल तेव्हाही हाच उपाय, जेन ४ (चौथी पिढी) निवडायचं. वेगातली घट नगण्य असते. पण आठच लेनची (माहिती ने-आण करणाऱ्या वाटांची) स्वस्त कार्डं तिसऱ्या पिढीवर चालवली तर थोडा फटका जाणवतो. शिवाय रायझरमधून वीजही जाते, हे विसरू नये. एनझेडएक्सटीचं एच१ हे देखणं कॅबिनेट २०२१ मध्ये बाजारातून परत मागवावं लागलं, कारण रायझर बसवणाऱ्या स्क्रूमुळे सर्किट बोर्डावर शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका होता. सेकंडहँड एच१ स्वस्तात मिळालं तर रायझर बदललेली आहे याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नका.

जोडणी

१. सगळं आधी बाहेर चालवून बघा. बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, रॅम, कूलर आणि एसएमपीएस जोडा, मॉनिटर लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डाची गरज नाही. ७५०० एफसारख्या ‘एफ’ प्रोसेसरात ते नसतं. बायोस दिसलं की तिथेच अपडेट करा. आत बसवल्यावर रॅमची एक पट्टी सैल निघाली तर निम्मं कॅबिनेट पुन्हा उघडावं लागतं.

२. एसएसडी आत्ताच बसवा. आयटीएक्स बोर्डांवर एसएसडीची दुसरी जागा बऱ्याचदा मागच्या बाजूला असते आणि बोर्ड बसल्यावर तिथे हात पोहोचत नाही.

३. कॅबिनेटची जेवढी पॅनेलं निघतात तेवढी काढा. स्क्रू कुठून निघाले ते कागदावर चित्र काढून त्यावर चिकटपट्टीने लावा. छोट्या कॅबिनेटात तीन-चार लांबींचे स्क्रू असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर फॅनची पाती किंवा रेडिएटर भोसकतो.

४. एसएमपीएस बसवण्याआधी केबल त्यालाच जोडून घ्या. नंतर सॉकेट पत्र्याआड जातात. दुसऱ्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल कधीही वापरू नका. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांची वेगळी असते, आणि ड्राइव्ह किंवा बोर्ड क्षणात जळतो.

५. बोर्ड टाकण्याआधी प्रोसेसरची ८ पिनांची केबल बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत ओढून ठेवा. कूलर बसल्यावर तिथे बोट जात नाही. बोर्डाचे चारही स्क्रू आधी सैल लावा, मग तिरक्या क्रमाने घट्ट करा.

६. समोरच्या बटणाच्या बारीक तारा, मग यूएसबी. १९ पिनांची यूएसबी ३ ची केबल जाड आणि ताठ असते. ती सरळ वरून दाबा. तिरकी ओढली तर बोर्डावरचा हेडरच उपटून येतो.

७. फॅन. हवा ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात. एनआर२०० सारख्या कॅबिनेटात खालून आत, वरून बाहेर ठेवा. कार्ड आणि तळ यांच्यामध्ये २५ मिमी उरत असतील तर खाली १२० मिमीचे दोन नेहमीचे फॅन, कमी असेल तर १५ मिमीचे चपटे. सँडविच मांडणीत कार्ड स्वतःच हवा ओढतं, तिथे एखादा बाहेर फेकणारा फॅन पुरतो.

८. कार्ड सगळ्यात शेवटी. रायझर मोठ्या गोलाईत वळवा, घडी घालू नका. पॉवर कनेक्टर ‘टक्’ होईपर्यंत दाबा, मग टॉर्च लावून कडेची फट बघा. पॅनेल लावताना जोर द्यावा लागत असेल तर थांबा. आत काहीतरी दाबलं जातंय.

चालू झाल्यावर

पहिला अर्धा तास पॅनेल काढून, दुसरा अर्धा तास पॅनेल लावून तोच गेम किंवा तीच चाचणी चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचे आकडे बघा. पॅनेल लावल्यावर फरक ५ अंशांपर्यंत असेल तर कॅबिनेट श्वास घेतंय. १० च्या वर गेला तर हवेचा मार्ग अडलाय: केबलचा गुंता फॅनसमोर आलाय, एखादा फॅन उलटा लागलाय किंवा मागची जाळी भिंतीला टेकलीय. ताबडतोब नवीन फॅन मागवू नका, आधी हे तीन बघा.

आवाज सतत वर-खाली होत असेल तर दोष फॅनच्या कर्व्हचा, म्हणजे किती तापमानाला किती वेग या सेटिंगचा. छोटा कूलर क्षणात तापतो, क्षणात निवतो, आणि बायोस प्रत्येक उडीला फॅन पळवतं. फॅनला प्रतिसादासाठी ३ ते ५ सेकंदांचा विलंब द्या आणि ६० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा. टेबलाला थरथर जाणवत असेल तर पायांखाली रबरी चकत्या लावा. खालून हवा घेणारं कॅबिनेट गालिचावर किंवा जाड टेबलक्लॉथवर कधीही ठेवू नका.

दोन आठवड्यांनी सगळे स्क्रू एकदा तपासा. कूलरचे आणि रायझरचे गरम-थंड होऊन किंचित ढिले पडतात. पीसी गावाला किंवा दुसऱ्या घरी न्यायचा असेल तर काटकोनी मांडणीतलं कार्ड काढून वेगळं न्या, गाडीच्या हादऱ्याने बोर्डाचा स्लॉट मोडतो. सँडविच मांडणीत कार्ड दोन्ही टोकांना स्क्रूने धरलेलं असेल तर तसंच नेलं तरी चालतं, पण पोचल्यावर चालू करण्याआधी रायझरची दोन्ही टोकं बोटाने दाबून बघा.